गोदामाची किल्ली

बाई काठमांडूहून आल्या, जगभर पसरलेल्या संस्थेच्या.
आम्ही त्याच संस्थेची सांगली शाखा:
दोन खोल्या, झाकून ठेवलेला टाइपरायटर
आणि वखारभागातलं गोदाम.
मगदूम सरांनी भडंग मागवलं होतं, हार आणला होता.
अहवाल वाचला. इतकी ब्लँकेटं, इतक्या बादल्या,
वाटप, वाटप, वाटप.
बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं,
आयर्विनवर पाणी पन्नास फुटांवर गेलं त्या रात्री
गोदाम कुणी उघडलं?

पंखा तेवढा फिरत होता.
मग मीच म्हणालो, उघडलंच नाही.
किल्ली एक. ती सरांकडे.
सर गावभागात, माडीवर, चहूकडून पाणी.
आत सहाशे ब्लँकेटं, कोरडी,
गठ्ठ्यांवर कुठल्या कुठल्या देशांचे शिक्के,
आणि बाहेर, दाराशी, दऱ्याप्पा अंबी.
आमच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.
दाराशी मात्र त्याची नाव होती,
कडीला बांधलेली,
रात्रभर दारावर ठक ठक आपटत.

पाणी उतरलं तसं संस्थांचं पेव फुटलं.
एका गल्लीत चौघांनी बिस्किटं वाटली,
मुलं पुडे फोडून कुत्र्यांना घालू लागली.
पलीकडच्या मळ्यात पाचव्या दिवशीही
भिजल्या ज्वारीच्या घुगऱ्या.

पेव म्हणजे? बाईंनी विचारलं.
मी सांगितलं. माझा बाप हरिपूरला हळदीच्या पेवावर हमाल.
जमिनीखाली पंधरा-वीस फूट, घागरीसारखं,
तोंड लहान, पोट मोठं.
उघडल्या उघडल्या कुणी उतरत नाही.
आधी कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं, वरचा कितीही घाईत असो.
आणि दोर धरणाऱ्यानं गप्पा मारायच्या नाहीत.
दिसत नाही त्याला खाली काय आहे,
हाताला कळतं फक्त.
बाईंनी वहीत लिहून घेतलं: पेव.
देवनागरीतच. अक्षर जरा उभट.

चार महिन्यांनी बेचाळीस पानं आली.
सक्षमीकरण, समन्वय, उत्तरदायित्व;
सर वाचताना दोनदा पाणी प्यायले.
एकतिसाव्या पानावर, तळाशी:
किल्ल्या तीन कराव्यात.
एक शाखेत. एक नदीच्या अलीकडे, एक पलीकडे.
ज्याच्याकडे होडी, त्याच्याकडे किल्ली.

अल्लाबक्षनं मारुती चौकात करून दिल्या,
दोन्ही मिळून एकशे वीस रुपये. पावती घेतली.
खर्च कोणत्या सदरात टाकायचा यावर बैठक झाली.
शेवटी 'संस्थात्मक बळकटीकरण' लिहिलं.

मूळ किल्ली द्यायला सरांनी तीन दिवस लावले.
बावीस वर्षं करगोट्याला होती.
सोडली तेव्हा कमरेवर
किल्लीएवढाच वण होता, दात्यांसकट.
म्हणाले, झोपेत टोचायची रे.
आणि हसले. मला हसता आलं नाही.

परवा रात्री दोनला फोन वाजला.
ब्रह्मपुत्रेकाठची शाखा. नंबर बाईंनी दिलेला.
तिकडे पाणी चढत होतं, विचारत होते,
होड्यांना क्रमांक कसे देता?
माझी हिंदी संपली. मी दऱ्याप्पाला उठवलं.
तो पाऊण तास बोलत होता,
मराठीत, बराचसा हातानं,
समोर कुणी बसलंय असं.
अर्धं पोचलं असेल. अर्ध्यावर त्यांनी होड्या सोडल्या असतील.

फोन ठेवून त्यानं बंडीच्या खिशातून किल्ली काढली,
म्हणाला, वरीसभर काय झालंच न्हाई
तर ही परत द्यायची का?

नको, म्हटलं.
तेलाचं बोट लावत जा अधूनमधून.